अंगदला आणायला

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार. घरी, फुलंब्रीजवळ

अंगणवाडीच्या हजेरीवहीत दुसऱ्याच्या लेकरांची नावं लिहिता लिहिता वीस वर्षं गेली. आता स्वतःचं लिहायला बसले तर पहिलीच ओळ सुचंना. शालू म्हणाली, "आई, तिकडं गेल्यावर रोज चार ओळी लिहीत जा, नायतर मनात साठवून साठवून बीपी वाढवशील." माझी लेक बिडकीनच्या कंपनीत कामाला लागल्यापासून डॉक्टर झालीये. बरं बाई, लिहिते.

तर लिहायचं असं, की अंगदला घरी आणायचंय. माझा पोरगा. मागच्या आषाढात तिकडं मेघालयात ताप डोक्यात जाऊन गेला, त्याला चौदा महिने झाले. रस्त्याची मोजणी करणाऱ्या ठेकेदाराबरोबर गेला होता, तिथंच एका खासी पोरीशी लग्न केलं आणि तिच्या आईच्या घरी राहिला. त्या लोकांत तशीच रीत हाय म्हणं, नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो. पण हे आप्पांना कोण पटवून देणार? माझ्या मालकांनी उभा जन्म मेंढरामागं काढला. ते एकदाच बोलले, "दुसऱ्याच्या उंबऱ्यात भाकर खाणारा माझा नव्हं." त्यानंतर चार वर्षं पोराचं नाव घेतलं नाय.

अंगदचा फोन आला की मी न्हाणीत जाऊन नळ सोडायचे आणि बोलायचे. शेवटचे चार फोन मी उचललेच नाय. आप्पा समोर बसले होते, मला भ्या वाटलं. हे कुणाला सांगितलेलं नाय, फक्त इथं लिहितेय.

गेल्याची खबर आली तरी आप्पांनी जाऊ दिलं नाय. दहावा नाय, तेरावा नाय. आता पितरांचे दिवस लागले तसं मी गुपचूप त्याच्या नावानं पान वाढलं आणि पत्र्यावर ठेवलं. दुपार टळली तरी कावळा शिवला नाय. तेव्हाच सांगून टाकलं, मी जाते, त्याच्या अस्थी आणते, पैठणला गोदावरीत सोडते, मग तुम्हाला काय करायचं ते करा. आप्पा मेंढरं घेऊन निघून गेले.

भादवा लागल्यापासून त्यांनी दाढी केली नाय. साबण समोर ठेवला तरी हात लावत नाय. म्हातारपणी माणूस आळशी होतं. शालूला मात्र दोनदा विचारलं, गाडी परत कोणत्या दिवशी येती म्हणून. भाकरी थापायला बायको कधी येणार ही काळजी, दुसरं काय!

१६ सप्टेंबर, मंगळवार. गाडीत

मनमाडवरून गुवाहाटीची गाडी धरली. समोरची बाई विचारते, कुठं चाललात फिरायला? शालू पटकन म्हणाली, झाडांच्या मुळांचे पूल बघायला. बाई खूश झाली, मोबाइलवर फोटो दाखवायला लागली. नदीवर आडवी गेलेली मुळं आणि त्यावर दात काढून उभे असलेले लोक. मी खिडकीकडं तोंड केलं. खोटं तरी कसं म्हणू? अंगद त्याच पुलाच्या गावात राहिला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पोचलो. गावाचं नाव मला नीट लिहिता येत नाय. जीप वर रस्त्यावर सोडते आणि मग खाली दरीत पायऱ्याच पायऱ्या. वेरूळचा डोंगर परवडला! गुडघ्यांनी हाय खाल्ली. हवा अशी ओली की पदर पिळावा.

दारात सून उभी होती. इबानरी तिचं नाव. बारकी, गोरी, डोळे खाली. मला बघून म्हणाली, "आई, बसा. जेवण झालं का?" मराठीत! तेवढंच मराठी येतं तिला, अंगदनं शिकवलेलं, बाकी तोडकंमोडकं हिंदी. मी ठरवून आले होते की हिच्याशी गोड बोलायचं नाय. पण ते ऐकून मी पायरीवरच बसले. तिच्यामागून तीन वर्षांची रिदा डोकावली. कान हुबेहूब अंगदचे, पसरट. मी ओढून मांडीवर घेतली तर भोकाड पसरलं तिनं.

विहीणबाई माझ्याच वयाच्या. भाषा एकमेकींची कळत नाय. सुपारी आणि पान हातात दिलं आणि माझा हात धरून घरामागं घेऊन गेल्या. सुपारीच्या बागेच्या कडेला चार दगडांची लहानशी पेटी केलेली, वर सपाट दगड. त्यांनी बोट दाखवलं, मग माझ्या छातीवर हात ठेवला. शालू म्हणाली, आई, दादा तिथं हाय.

चौदा महिने! पाण्यात सोडला नाय, काही नाय, दगडाखाली कोंडून ठेवलाय माझा पोरगा. म्हणूनच कावळा शिवंना. शालूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता विचार, अस्थी देता का नाय.

इबानरीनं आईशी बोलून सांगितलं, "मामा सोमवार को आएगा. उसके बिना नहीं. मामा आएगा, तब सब बैठेंगे."

घ्या! आमच्यात बैठकीला मामा बोलावतात ते भांडण मिटवायला नायतर सोडचिठ्ठी द्यायला. म्हणजे यांचा द्यायचा विचार नाय. शालू म्हणते, "आई, तू लगेच वाकडं धरू नको. देतील बहुतेक, थांब जरा." बहुतेक म्हणं! जिवंत पोरगा दिला नाय त्यांनी, मेलेला देतील?

२० सप्टेंबर, शनिवार

इबानरीनं आज पूल दाखवला. रबराच्या जातीचं झाड, पण थाट वडाचा. त्याची मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून पलीकडच्या काठाला नेतात, तिथं मातीत रुजू देतात. मग वर्षानुवर्षं वळवायची, विणायची, मधे दगड भरायचे. माणसाचं वजन पेलायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. जो लावतो तो बहुतेक चालत नाय, त्याची नातवंडं चालतात. अंगणवाडीचं एक साधं शौचालय बांधायला आमच्याकडं सात वर्षं लागली म्हणून मी बोंबलत होते.

जुन्या पुलावरून चालले. पायाखाली जिवंत लाकूड, ओलं, गार. बाजूला नवीन पूल चाललाय, अजून नुसती बोटाएवढी मुळं. इबानरीनं त्याच्या कठड्याच्या मुळांवर माझा हात ठेवला आणि म्हणाली, "ये अंगद का हाथ."

मी बघितलं आणि थांबले. गोफणीची वीण होती ती. आप्पांची पाचपेडी. आप्पांच्या घराण्यातच तशी विणतात, शेवटचा पेड उलटा घेतात. अंगद सहा वर्षांचा असताना आप्पांनी त्याला मेंढरांच्या वाड्यात बसवून शिकवली होती, चुकला की टपली मारायचे. ती वीण इथं मुळांना घातलीये आणि त्यावर साल चढायला लागलीये. इबानरी सांगते, आधी इथं कुणाला येत नव्हती, आता गावातले सगळे तशीच विणतात.

खरं लिहू? मला अभिमान वाटला नाय, राग आला. एवढा जीव परक्या मुलखातल्या झाडात लावलास आणि आईला भेटायला एक सुट्टी मिळाली नाय? मग आठवलं, सुट्टी त्याला मिळायची. घरात घ्यायला आम्ही तयार नव्हतो.

परत येताना इबानरीला विचारलं, तू का नाय आलीस आमच्याकडं नांदायला? ती म्हणाली, घरातल्या धाकट्या लेकीनं आईला सोडायचं नसतं, घर, पितर, सगळं तिच्यावर असतं. मनात म्हटलं, मी अठरा वर्षांची असताना आईला सोडून आले, मला कुणी विचारलं होतं का?

वर रस्त्यावर जाऊन आप्पांना फोन लावला. रेंज तिथंच येते. म्हटलं, ते लोक अस्थी देत नाय. आप्पा गप्प. मी म्हटलं, काहीतरी बोला. म्हणाले, "मी काय बोलू." आणि फोन ठेवला. ह्या माणसाच्या काळजाचा दगड झालाय.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपार

केलं. मी केलं. आता मन शांत हाय.

आज सर्वपित्री. उद्या घट बसतात, मग देवाचे नऊ दिवस, अस्थींना हात कोण लावणार? आणि परवा रात्री आमची गाडी. सकाळी इबानरी आणि शालू काहीतरी आणायला म्हणून वरच्या बाजाराला गेल्या. शालू जाताना हसत होती, म्हणाली, "संध्याकाळी तुला एक सांगायचंय, चांगलं हाय." विहीणबाई बागेत सुपाऱ्या वेचायला गेल्या. जाण्याआधी त्या दगडापाशी रोजच्यासारखं झाडून, ताजं पान-सुपारी ठेवून गेल्या. मी ओट्यावरून बघत होते. म्हटलं, राखण करतात.

मग मी उठले. वरचा दगड सरकवला. आत मातीचं मडकं, त्यात पांढऱ्या कापडात बांधलेलं माझं लेकरू. एवढंसं! साडेपाच फूट पोरगा. चौदा महिन्यांत कापडाला ना वास, ना डाग, कालच बदलल्यासारखं. मी छातीशी धरलं आणि तिथंच रडले, आवाज न करता.

एकदा मनात आलं, मूठभर पदरात बांधून न्यावं, आप्पांसाठी. पण कालचा फोन आठवला. ज्यानं नाव घेतलं नाय, त्याच्यासाठी काय ठेवू? आणि अर्धा इथं, अर्धा तिथं, पोराचे आणखी तुकडे कशाला. घरी न्यायचं होतं, नाय जमलं. निदान मोकळा तरी करू.

एका हातात मडकं धरलं, रिदाला कडेवर घेतलं. मुलगा नाय त्याला, लेकीच्या हातून पाणी मिळू दे. नव्या पुलाखाली, जिथं पाणी धावतं, तिथं उतरले. तीळ मी घरूनच आणले होते. लेकराच्या ओंजळीत तीळ-पाणी दिलं, आणि गाठ सोडली. जाताना म्हटलं, अंगद, आईचं चुकलं, फोन उचलायला पाहिजे होता. पाणी लई जोरात होतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत गेला. रिदानं हात हलवून टाटा केला.

आता पोरगा सुटला. भाताचं पान वाढून बाहेर ठेवलंय. इथं कावळे कमी, पण येईल.

तोच दिवस, संध्याकाळ

विहीणबाई बागेतून आल्या, सरकलेला दगड बघितला. ओरडल्या नाय. मी नदीकडं हात केला, हात जोडून, डोळे मिटून, सोडलं असं दाखवलं. त्यांनी टोपली खाली टाकली आणि धावत सुटल्या. मी मागं गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून त्या दगडांच्या फटींत हात घालून चाचपत होत्या. मला कळंना, गेलेलं काय शोधतात. ओढून बाहेर काढायला गेले तर हात झटकला. तास-दीड तास तशाच. ओठ निळे पडले.

मग वरून शालू आणि इबानरी आल्या. शालूच्या हातात नवं पांढरं कापड होतं.

शालूनं माझ्याकडं बघितलं, काठावरच्या रिकाम्या मडक्याकडं बघितलं, आणि ओरडली. "आई, काय केलंस? अगं ते कापड दादाला बांधून न्यायला आणलं!"

तिला सकाळीच इबानरीकडून कळलं होतं, कापड आणून मग मला सांगणार होती. ते असं. ह्या लोकांत नवऱ्याची हाडं बायकोच्या घराण्यात ठेवत नाय. तो जन्मला त्या आईची ती. बायकोच्या माणसांनी तोवर फक्त सांभाळायची आणि आईकडचे आले की मानानं हवाली करायची. त्याला घराण्यातला मोठा मामा लागतो. म्हणून सोमवार. तो उद्या पुलापर्यंत स्वतः उचलून आणणार होता आणि माझ्या हातात देणार होता. आईच्या माणसांत नाय पोचला तर तो कुणाचाच नाय राहत, असं मानतात. म्हणून चौदा महिने विहीणबाई कापड बदलत होत्या, सुपारी ठेवत होत्या, माझी वाट बघत होत्या.

इबानरी एवढंच म्हणाली, "मेरी माँ ने संभाला. आपके लिए." आणि आत गेली.

बयाबया, मी काय करून बसले. एक दिवस थांबले असते. एक दिवस! सर्वपित्री गेली खड्ड्यात, पोरगा माझ्या मांडीवर घरी आला असता.

२२ सप्टेंबर, सोमवार

मामा आले. सत्तरी ओलांडलेले, उजाडताच निघून तीन गावं पायी आले. पाठीवर कोरी वेताची टोपली, आत मऊ पानं अंथरलेली. मला तिकडं बघवंना.

इबानरीनं त्यांना सांगितलं. मी पाय धरायला वाकले तर त्यांनी मला उठवलं, सुपारी कातरून दिली आणि बाजूला बसले. नुसतं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. इबानरी सांगायला तयार नव्हती, मीच आग्रह केला. त्या विचारत होत्या, तुमच्याकडं माणसांची हाडं कुठं ठेवतात? म्हटलं, कुठंच नाय, सगळं पाण्यात. माझी आई, बाप, भाऊ, सगळे पाण्यात. मग म्हणाल्या, "मग रडायला कुठं बसता?"

मी म्हटलं, चुलीपुढं. कुणी विचारलं तर धूर लागला म्हणते.

त्यांनी माझा हात हातात घेतला. कालच्या दगडांनी त्यांची बोटं सोलली होती. इतका वेळ मी त्यांच्याशी मनात भांडत होते, आणि हीच एक बाई होती जी माझ्या पोराला माझा म्हणून सांभाळत होती. दोघी रडलो. भाषा लागली नाय.

निघताना रिदा शालूच्या अंगावरून उतरंना. इबानरीनं वाकून नमस्कार केला, पण माझ्याकडं बघितलं नाय. बरोबर हाय तिचं.

२४ सप्टेंबर, बुधवार. गाडीत

न्यू जलपाईगुडी गेलं आणि आप्पांचा फोन. आपणहून केलेला. मी चकित. शालूनं रविवारी वरच्या बाजारातून त्यांना कळवलं होतं, अस्थी देतायत म्हणून.

"निघालात का? अंगदला वरच्या बर्थवर टाकू नका, मांडीवर घ्या," म्हणाले. अंगदला! चार वर्षांनी तोंडातून नाव. म्हणाले, "घट नाय बसवले मी औंदा. भावकीला सांगितलं, माझा लेक गेलाय, सुतक धरायचं राहिलंय. पैठणचं बोलून ठेवलंय. पण पहिलं घरी आण. एकदा त्याला आपल्या दारात येऊ दे. मीच नाय येऊ दिला त्याला." आवाज फुटला त्यांचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हा माणूस रडलेला मी ऐकला नव्हता. शनिवारी फोनवर गप्प होते ते काळीज दगड झालं म्हणून नव्हं तर.

मी म्हटलं, "व्हय."

शालू बघतच राहिली. "व्हय कामून म्हणालीस? सांग त्यांना!" मी म्हटलं, फोनवर नाय सांगवत. ती म्हणाली, "मग तूच सांगायचं. मी नाय सांगणार. माझ्याकडून नाय व्हायचं."

मूठभर ठेवायला पाहिजे होता. फक्त मूठभर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. घरी

आप्पा स्टेशनावर आले होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर कोरं उपरणं. आम्ही उतरलो तसे पुढं आले आणि उपरणं दोन्ही हातांवर पसरून माझी पिशवी मागितली. मी म्हटलं, "अहो, ऐका..." तर म्हणाले, "आत्ता नको बोलू. पहिलं त्याला घरी जाऊ दे." माझ्या हातातून पिशवी घेतली, छातीशी धरली. पिशवीत माझ्या दोन साड्या, ओला टॉवेल आणि विहीणबाईंनी दिलेल्या सुपाऱ्या.

मी गप्प राहिले. का राहिले ते मला सांगता येत नाय.

रिक्षात शालू ड्रायव्हरशेजारी पुढं बसली, एकदाही मागं वळली नाय. आप्पांनी पिशवी मांडीवर घेतली, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. आणि बोलायला लागले. "अंगद, हर्सूल आलं बघ. तळं भरलंय औंदा." मग चौका आलं तसं म्हणाले, "इथं तू हरवला होतास, मेंढराच्या बाजारात. आठवतं का रे?" ड्रायव्हर आरशातून बघत होता. फुलंब्री येईपर्यंत चार वर्षांचं सगळं बोलून घेतलं त्यांनी. कोणतं मेंढरू व्यालं, कोण गेलं, विहिरीला पाणी किती. मी पदर तोंडात धरून बसले. त्यांना वाटलं, पोरासाठी रडतेय. ते खरंच होतं.

अस्थी घरात आणत नाय आमच्यात. आप्पांनी पिशवी दारासमोरच्या लिंबाला टांगली, वर उपरणं गुंडाळलं. मग खाली घोंगडी टाकून बसले. भावकीतले येऊन गेले, उद्या सकाळी सात वाजता पैठणला निघायचं ठरलं. शालू आत भिंतीकडं तोंड करून पडलीये.

दिवस मावळलाय. भाकरी थापून झाल्या. मी हाक मारली तर आप्पा म्हणाले, "माझं ताट इथंच आण. आज पोरासंगं जेवतो."

ताट वाढलंय. त्यांनी घास घ्यायच्या आधी सांगावं का जेवू द्यावं, एवढंच अजून ठरत नाय.